पाठांतराचे जाळे

हैद्राबाद शहरात मुसी नदीच्या दक्षिण तीरावर मलकपेठ नावाची जुनी वस्ती आहे. घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, महाराष्ट्रातून आलेल्या कांद्याच्या गाड्या उतरवून घेणारा बाजार आणि २०१८ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो यांच्या गजबजाटात तेथे आणखी एक गर्दी नांदते, ती अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची. गोमंतकातील आमच्या एका स्नेह्यांचा भाचा याच वस्तीत दोन सोबत्यांसह भाड्याच्या खोलीत राहतो आणि शहरातील एका महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकतो. स्नेही त्याच्याकडे दोन दिवस मुक्कामास होते. त्यांनी सांगितलेली हकीकत वरकरणी क्षुल्लक आहे, परंतु तीत आपल्या उच्च तंत्रशिक्षणाचे सारे दुखणे सामावले आहे, असे आम्हांस वाटते.

पहिल्याच संध्याकाळी खोलीतील इंटरनेट बंद पडले. दुसऱ्या दिवशी भाच्याची 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' या विषयाची अंतर्गत परीक्षा होती, आणि संगणक-जाळ्याचे सात स्तर तो तळापासून वर आणि वरून तळापर्यंत धडाधड म्हणून दाखवीत होता. त्याने यंत्र दोनदा बंद-चालू केले व मग गल्लीतील केबलवाल्यास बोलावले. दहावीचा उंबरठाही न ओलांडलेला तो पोरगा आला. त्याने आधी यंत्रावरचे दिवे पाहिले, तार चाचपली, उंदराने कुरतडलेले टोक कापून नवा प्लग चिमट्याने दाबून बसविला, दिवा लागल्याची खात्री केली, यंत्रास पत्ता मिळाला की नाही ते मोबाईलवर तपासले आणि दहा मिनिटांत निघून गेला. "तू हेच शिकतोस ना रे?" असे स्नेह्यांनी विचारता भाचा म्हणाला, "मामा, हे आमच्या सिलॅबसात नाही."

त्या मुलाचा उपहास करण्याचा आमचा हेतू नाही. तो हुशार आहे, कष्टाळू आहे आणि परीक्षेत त्यास उत्तम गुण मिळतील यात शंका नाही. परंतु वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. केबलवाल्याने जे केले ते त्या सात स्तरांच्या बाहेरचे काहीच नव्हते. आधी तार, मग तारेच्या दोन टोकांमधील जोड, मग पत्ता, अशा क्रमाने तो तळापासून वर चढत गेला. भाच्याने रात्रभर घोकलेला क्रम हाच होता. केबलवाल्याजवळ हात होते, शब्द नव्हते; भाच्याजवळ शब्द होते, हात नव्हते. चार वर्षांचे शिक्षण आणि आईबापांचा लाखो रुपयांचा खर्च यांच्या बदल्यात या दोहोंची गाठ पडत नसेल, तर त्या शिक्षणास अभियांत्रिकी म्हणावे काय, हा आमचा प्रश्न आहे.

हैद्राबादेतील एका खोलीची कथा गोमंतकातील वृत्तपत्राने का सांगावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर उघड आहे. हे दुखणे मलकपेठेचे नाही. तेथील जागी फोंडा, रत्नागिरी, सांगली वा पुणे असे नाव घातले तरी हकीकतीतील एक अक्षरही बदलावे लागणार नाही. आणि दुसरे असे की, आमची मुले आज हैद्राबाद, बंगळूर, पुणे या शहरांकडे ज्या विद्येच्या आशेने जातात, तिच्यात या विषयाचे स्थान पायाच्या दगडासारखे आहे.

हा विषय आहे तरी काय? लासलगावच्या कांद्याचा मोठा माल मलकपेठेस धाडायचा आहे असे समजा. तो एकाच गाडीत मावत नाही, म्हणून गोण्या भरल्या, प्रत्येक गोणीवर पत्ता व अनुक्रमांक घातला आणि मिळेल त्या गाडीने, मिळेल त्या रस्त्याने त्या रवाना केल्या. काही सोलापूरमार्गे गेल्या, काही नांदेडमार्गे. पोचल्यावर आडत्याने अनुक्रमांक लावून पाहिले, सतरावी गोणी आली नाही असे कळविले, आणि ती पुन्हा पाठविण्यात आली. इंटरनेटवरून जाणारे प्रत्येक पत्र, चित्र वा बँकेचा व्यवहार असाच लहान लहान पुडक्यांत वाटून जातो. पुडके पत्त्यावर पोचविण्याचा यत्न करणारा नियम एक. हरवलेले परत मागवून सारी पुडकी क्रमाने लावणारा नियम दुसरा. रस्ता बिनचूक असेल असे येथे कोणी गृहीत धरीत नाही. रस्ता दगा देईल असे मानूनच, तरीही निरोप पोचावा, अशी ही रचना आहे. मानवी बुद्धीच्या विसाव्या शतकातील मोठ्या करामतींत तिची गणना करावी लागेल.

इतका जिवंत विषय वर्गात मृतवत कसा होतो, ते पाहण्यासारखे आहे. सात स्तरांचा आराखडा आंतरराष्ट्रीय मानक म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झाला. तत्पूर्वीच, १ जानेवारी १९८३ रोजी, इंटरनेटची जननी जी अमेरिकेतील आर्पानेट, तिने टीसीपी-आयपी हे वेगळे नियम स्वीकारले होते, आणि आजचे सारे जग त्या नियमांवर चालते. सात स्तर हा विचार करण्यास उपयुक्त नकाशा आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण नकाशा पाठ केला म्हणजे प्रवास घडत नाही. याहून बोलके उदाहरण पत्त्यांचे. इंटरनेटच्या पत्त्यांचे अ, ब, क, ड, ई असे पाच वर्ग एके काळी पाडलेले होते. मोठ्या संस्थांकडे पत्ते वाया जातात आणि लहानांस पुरत नाहीत, हे दिसून आल्यावर १९९३ साली ही वर्गवारी सोडून लवचीक पद्धत आणण्यात आली. या गोष्टीस तीस वर्षे उलटली. तरीही अनेक ठिकाणी ते पाच वर्ग हा हमखास गुणांचा प्रश्न म्हणून टिकून आहे. ती वर्गवारी का मोडावी लागली, हा खरा विद्येचा प्रश्न. तो मात्र क्वचितच विचारला जातो. बत्तीस अंकस्थानांत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात आणि जगास ते अपुरे पडले, म्हणून १२८ स्थानांची नवी पद्धत आली, हा इतिहास समजला की मुलाला कळते की शास्त्र हे माणसांनी अडचणीतून घडविलेले आहे, आकाशातून पडलेले नाही.

प्रयोगशाळेची अवस्था याहून निराळी नाही. पहिल्या तासाला 'हा राउटर, हा स्विच' असे काचेच्या कपाटातून दर्शन होते. पुढचे प्रयोग संगणकाच्या पडद्यावरील नकली जाळ्यात होतात, आणि तेही वरच्या वर्गाकडून आलेल्या तयार आज्ञा टंकून. मग जर्नल लिहावयाचे, म्हणजे गेल्या वर्षीच्या जर्नलाची नक्कल करावयाची. तोंडी परीक्षेस बाहेरून आलेले परीक्षक 'सात स्तर सांग' म्हणतात, मुलगा सात स्तर सांगतो आणि दोघेही मोकळे होतात. यात दोष कोणा एका शिक्षकाचा नाही. अभ्यासक्रम आखणारा एक, शिकविणारा दुसरा आणि प्रश्नपत्रिका काढणारा तिसरा, अशी संलग्न महाविद्यालयांची व्यवस्था आहे. जे तीन तासांच्या कागदी परीक्षेत तपासता येते तेवढेच मग वर्गात शिकविले जाते. आडातच नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

आपल्या देशात संगणक-जाळे आले ते मात्र असे आले नाही, याचे स्मरण येथे करून देणे अवश्य आहे. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने 'अर्नेट' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान संस्था या सहभागी होत्या. सर्वसामान्यांस इंटरनेट मिळण्याचा दिवस, १५ ऑगस्ट १९९५, तेव्हा पुष्कळ दूर होता. टेलिफोनच्या खरखरत्या तारांवरून एका संस्थेचा संगणक दुसरीच्या संगणकाशी बोलता करणे हेच तेव्हाचे शिक्षण होते. त्या पिढीने जाळे वाचले नाही, विणले.

हैद्राबादच्या भूमीवरही या विद्येने मोठी कामे केली आहेत, आणि त्यांचा लाभ आपण गोमंतकीय रोज घेतो. रेल्वे आरक्षणाची देशभर एकत्र चालणारी प्रणाली प्रथम १९९४ साली सिकंदराबादेस सुरू झाली आणि १९९९ साली देशातील पाचही केंद्रे एकमेकांस जोडली गेली. म्हणूनच मडगावच्या खिडकीवर उभे राहून हावडा-दिल्लीचे तिकीट काढता येऊ लागले. रिझर्व्ह बँकेने १९९६ साली हैद्राबादेत बँकिंग तंत्रज्ञानाची संस्था स्थापन केली. तिने १९९९ साली बँकांसाठी स्वतंत्र जाळे उभारले, आणि २००४ साली एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालविणारी राष्ट्रीय व्यवस्था सुरू केली. ती पुढे २००९ साली राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे गेली आणि त्याच महामंडळाने २०१६ साली यूपीआय आणले. मासळीबाजारात बांगडे घेताना आज आपण मोबाईल पुढे करतो, त्यामागे ही परंपरा उभी आहे. ज्या शहरात हे घडले त्याच शहरातील विद्यार्थ्यास या इतिहासाची ओळख पाठ्यपुस्तकातून होत नाही, म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसाच नव्हे काय?

आता भाषेचा प्रश्न. तोही हैद्राबादच्या संदर्भात टाळता येणार नाही. उस्मानिया विद्यापीठासाठी १९१७ साली तेथे भाषांतर संस्था स्थापन झाली. शास्त्र, वैद्यक व अभियांत्रिकीचे ग्रंथ उर्दूत उतरविले गेले, पारिभाषिक शब्द घडविले गेले आणि तीन दशके उच्च शिक्षण देशी भाषेत देऊन दाखविण्यात आले. या प्रयोगाचे मोल मान्य करूनही त्याचा दोष सांगितला पाहिजे. ती भाषा दरबाराची होती. संस्थानातील बहुसंख्य तेलुगू, मराठी व कानडी प्रजेची ती मातृभाषा नव्हती. मराठवाड्यातील मुलास एका परक्या भाषेऐवजी दुसरी शिकावी लागली इतकेच. त्याच काळात, १९०७ पासून, हैद्राबादच्या मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी शाळा चालविली, ती या जाणिवेनेच. या दोन्ही अनुभवांतून निघणारा धडा एकच आहे. शास्त्र देशी भाषेत सांगता येते. पण ती भाषा शिकणाऱ्याच्या घरातील असली पाहिजे.

२०२१ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास मुभा दिली आणि पिंपरी चिंचवड येथील महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग मंजूर झाला. हे पाऊल स्वागतार्ह आहे. इंग्रजीवाचून नोकरी कशी मिळणार, ही पालकांची धास्ती आम्ही खोटी म्हणत नाही. राउटरला राउटर म्हणावे, प्रोटोकॉलला प्रोटोकॉल म्हणावे; शब्द कोणत्याही भाषेचा असो, त्याचा अर्थ मुलाच्या डोक्यात त्याच्या घरच्या भाषेत उतरला पाहिजे. वर कांद्याच्या गोण्यांचे उदाहरण आम्ही दिले, तसली उदाहरणे शिक्षकाने मराठीत, कोकणीत, तेलुगूत वा दखनीत द्यावयास कोणती आडकाठी आहे? पाठांतर करण्याची वेळ मुलावर बहुधा तेव्हाच येते, जेव्हा समजण्याची वाट बंद झालेली असते.

या विषयाचा समाजाशी असलेला संबंध हा आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. आपण सागरकाठची माणसे. आपल्याच अरबी समुद्राच्या तळातून मुंबईस येणाऱ्या केबलांवर देशाचे परदेशांशी होणारे बहुतांश संभाषण अवलंबून आहे, हे आपल्यापैकी कितीकांस ठाऊक आहे? ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट मंदावले. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीस पाकिस्तानच्या दूरसंचार कंपनीने आपल्या देशापुरते यूट्यूब बंद करण्याच्या नादात 'यूट्यूबचा रस्ता आमच्याकडून जातो' अशी चुकीची वर्दी जगभर दिली, आणि इतर जाळ्यांनी तिच्यावर विश्वास ठेवल्याने साऱ्या जगाची वाहतूक भलतीकडे वळली. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एका चुकीच्या आज्ञेने फेसबुक व व्हॉट्सॲप सुमारे सहा तास जगाच्या नकाशावरून पुसले गेले. रस्ते ठरविण्याचे शास्त्र म्हणजे काय, तेथे विश्वास कोणावर आणि किती ठेवावा, एका चुकीचा फटका किती लोकांस बसतो, हे शिकविण्यास याहून उत्तम धडे कोणते?

आणि इतके दूर तरी कशाला जावे? रेशनच्या दुकानात म्हातारीचा अंगठा यंत्रावर टेकतो, जाळे मिळत नाही आणि ती रिकामी पिशवी घेऊन परतते. तिच्या दृष्टीने जाळे हे धान्याचे दार आहे. ते दार कोठे अडले, तारेत, पत्त्यात की दूरच्या संगणकात, हे शोधू शकणारा माणूस गावोगाव हवा. १९०८ साली मुसीच्या महापुराने मलकपेठेच्या परिसरासह हैद्राबाद उद्ध्वस्त केले, तेव्हा पुण्यात शिकलेल्या विश्वेश्वरय्यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी नदीच्या साऱ्या पाणलोटाचा अभ्यास केला आणि शहराच्या वरच्या अंगास धरणे बांधण्याची योजना दिली. पुढे उस्मानसागर व हिमायतसागर उभे राहिले. अभियंता तो, जो संकट कोठून येते हे मुळाशी जाऊन पाहतो. जाळ्याच्या अभियंत्याकडूनही आमची अपेक्षा तीच आहे.

साधनांस पैसा नाही, ही सबब सांगितली जाईल. ती अर्धीच खरी आहे. महागडी यंत्रे नसली तरी दोन जुने संगणक, काही हात तार, प्लग बसविण्याचा चिमटा आणि फुकट मिळणारी लिनक्स व वायरशार्क ही साधने एवढ्यावर पुष्कळ शिकविता येते. वायरशार्कमधून तारेतून जाणारी पुडकी डोळ्यांनी पाहता येतात. ज्या मुलाने ती एकदा पाहिली त्यास स्तर घोकावे लागत नाहीत. उद्योगांत गेल्यावर मुले शिकतीलच, असेही म्हटले जाते. मग चार वर्षांच्या पदवीचे प्रयोजन काय, याचे उत्तर असे म्हणणाऱ्यांनी द्यावे.

आमच्या सूचना थोड्या आहेत. या विषयाचे निम्मे गुण हातच्या कामास असावेत, आणि परीक्षा अशी असावी की परीक्षकाने मुद्दाम बिघडविलेले लहानसे जाळे विद्यार्थ्याने त्याच्यासमोर दुरुस्त करावे व काय बिघडले होते ते आपल्या शब्दांत सांगावे. महाविद्यालयाच्या स्वतःच्या जाळ्याची देखभाल शिक्षकांच्या नजरेखाली वरच्या वर्गाकडे सोपवावी. सोडून दिलेल्या पद्धती इतिहास म्हणून सांगाव्यात, गुणांचे भांडवल म्हणून नव्हे. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने एका शाळेचे, पंचायतीचे वा वाचनालयाचे जाळे तपासून त्याचा अहवाल द्यावा. गोमंतकात १९६७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढे २०१० साली राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आणि २०१६ साली आयआयटीही आली. राज्य लहान आहे आणि गावे हाताच्या अंतरावर आहेत. हा प्रयोग प्रथम येथेच करून पाहण्यास आपल्या शिक्षणधुरीणांस कोणती अडचण आहे, हे त्यांनी जनतेस सांगावे.

जाळे हा शब्द किनाऱ्यावरील माणसास नवा नाही. रापण ओढणाऱ्याच्या घरातील पोर जाळ्याची व्याख्या पाठ करीत नाही. ते आजोबांच्या शेजारी वाळूत बसते, फाटलेला फास बोटांनी शोधते आणि गाठ मारावयास शिकते. गाठ सैल पडली तर मासळी निसटेल आणि त्या दिवशी वाट्यास कमी येईल, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. मलकपेठेतील तो मुलगा आणखी वर्षभरात पदवीधर होईल. त्याच्या हाती प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्यास एकदा तरी स्वतःच्या हाताने गाठ मारावयास लावणे, एवढेच आमचे त्याच्या विद्यापीठाकडे आणि आपल्याही विद्यापीठांकडे मागणे आहे.